परक्याच्या ओसरीवर



ह्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे, हा ह्या गावचा शिरस्ता. तो यंदा चिटणिसांनी मोडला. त्याचे खापर त्यांच्याच माथी. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कचेरीत रात्री वाचलेल्या पुस्तकांत. विषय कोणता घेणार असे चिटणिसांनी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, ‘अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मजुरांचा विश्वास परक्या माणसांनी कसा मिळविला, ह्याविषयी बोलू.’ चिटणीस क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. कामगार-पुढारी म्हटला की तो बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलणार, अशी त्यांची समजूत असावी.

अमेरिका आम्ही पाहिलेली नाही. जे सांगणार ते वाचलेले आहे. परंतु ते वाचावयाची पाळी आमच्यावर का आली, तेवढे आधी सांगितले पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील पाचपंचवीस कंत्राटी मजूर कामाला होते. आम्ही गेटसभा घेतली. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यावर आमच्या मराठी वळणाच्या हिंदीत तासभर बोललो. टाळ्या पडल्या, वर्गणीची पावती मात्र एकानेही फाडली नाही. महिन्याभरात त्यांच्यापैकी एक जण तापाने खोलीवरच गेला. कंत्राटदाराच्या मुकादमाने गाडी ठरविली, बरोबर दोन माणसे दिली आणि प्रेत त्याच्या गावी पोचते केले. आम्ही शोकसभा घेतली. हा मुकादम दर हजेरीमागे आपले पैसे कापतो, हे त्या मजुरांस पक्के ठाऊक होते. तरीही तो त्यांचा होता आणि आम्ही त्यांचे नव्हतो.

ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. पुढे कधीतरी कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांतील संपाची हकीकत वाचनात आली. तेथील शेतमजुरांच्या संघटनेने आपल्या सभासदांस अगदी आरंभी जी सवलत दिली ती मजुरीच्या वाढीची नव्हती, मयताच्या खर्चाच्या विम्याची होती, हे वाचले आणि पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून राहिलो.

आता त्या लोकांविषयी. अमेरिकेत त्यांना ‘हिस्पॅनिक’ म्हणतात. हा शब्द तेथील सरकारी कागदांत १९७० नंतरच्या काळात रूढ झाला. त्या एका पोत्यात मेक्सिकोचा शेतकरी, क्यूबाचा व्यापारी, पोर्तो रिकोचा गिरणीकामगार आणि ग्वाटेमालाचा निर्वासित असे सारे कोंबलेले असतात. ह्यांतल्या पुष्कळांस हे नाव आपले वाटत नाही. विचारले तर ते आपल्या देशाचे किंवा गावाचे नाव सांगतात. एवढेच नव्हे, कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत आज मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातून आलेले जे मजूर आहेत, त्यांतल्या कित्येकांची मातृभाषा मिश्तेक किंवा त्रिकी असते. त्यांना स्पॅनिशसुद्धा परकीच. तेव्हा स्पॅनिशची चार वाक्ये पाठ करून त्यांच्यापुढे उभा राहणारा हितचिंतक पहिल्याच पायरीवर घसरतो. आपण तरी काय करतो? कानडी, तामिळ, तेलुगू, मल्याळी ह्या सगळ्यांना एकेकाळी आपण ‘मद्रासी’ म्हणत होतो, आणि गंगेच्या खोऱ्यातल्या कोट्यवधी माणसांना आजही एकाच शब्दात गुंडाळतो. तो शब्द येथे उच्चारावयास नको. तुम्हा सर्वांना तो माहीत आहे.

पण मेक्सिकन माणसाची एक गोष्ट मराठी माणसाला चटकन कळेल. त्यांच्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. ‘तू’ ह्या अर्थी ‘तू’च म्हणतात, अगदी आपल्यासारखे, आणि मानाने बोलावयाचे तर ‘उस्तेद’. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. वयाने वडील माणसाला नावाआधी ‘दोन’ लावतात, बाईला ‘दोन्या’. आपण रामराव म्हणतो, शांताबाई म्हणतो, तशातला प्रकार. दुसरी गोष्ट त्यांच्या सोयरिकीची. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो धर्मपिता होतो तो आणि मुलाचा बाप हे एकमेकांचे ‘कोंपाद्रे’ होतात. आपल्याकडे व्याही होतात ते मुलांच्या लग्नामुळे. तिकडे पाळण्यातल्या मुलामुळे आधीच दोन घरे बांधली जातात. निरोप जातो तो ह्या वाटेने. भिंतीवरच्या पत्रकाने तो जात नाही.

आणि विश्वासाला त्यांचा शब्द आहे ‘कॉन्फियान्सा’. हा शब्द ज्याच्यापुढे घरचे दुखणे बोलता येते अशा माणसाविषयी वापरतात.

आता, हे लोक परक्यावर, विशेषतः गोऱ्या परक्यावर, विश्वास ठेवीत नाहीत असे म्हणतात. ह्याला कोणी त्यांचा स्वभाव म्हटले की आम्हांला राग येतो. १९३० नंतरच्या मंदीत लाखो मेक्सिकन लोकांना आगगाड्यांत भरून सरहद्दीपार पाठविण्यात आले. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, तेथील नागरिक असलेली मुलेही होती. पुढे युद्ध आले, मजूर कमी पडले, तेव्हा त्याच लोकांना १९४२ पासून करारावर बोलावून आणले. ‘ब्रासेरो’ म्हणजे हातांनी राबणारा. त्या नावाची ही योजना १९६४ पर्यंत चालली आणि तीत चाळीस लाखांहून अधिक करार झाले. सरहद्दीवर ह्या माणसांना उघडे करून त्यांच्या अंगावर डीडीटीची पूड फवारीत. युद्धकाळात त्यांच्या मजुरीतून शेकडा दहा कापून घेतले. ‘हे तुमचे बचतीचे पैसे, मायदेशी गेल्यावर मिळतील’ असे सांगितले. कित्येकांना ते कधीच मिळाले नाहीत. म्हातारपणी ते मजूर आणि त्यांची नातवंडे त्या पैशांसाठी मोर्चे काढीत होती. शाळेत स्पॅनिश शब्द तोंडातून गेला तर मुलांना शिक्षा होई. ज्याला सरकारने फसविले, मालकाने लुबाडले आणि मास्तराने गप्प बसविले, तो तुमच्या हस्तांदोलनाने विरघळावा अशी अपेक्षा करणाराच मूर्ख. त्याचा अविश्वास हे त्याचे शहाणपण आहे.

आता फ्रेड रॉस ह्या माणसाकडे येऊ. हा जातीने गोरा, जन्म १९१० चा. १९४७ पासून लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वस्तीत तो संघटनेचे काम करीत होता. मतदार नोंदविणे, नागरिकत्वाचे वर्ग चालविणे, रस्त्यावर दिवे मागणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. १९५२ साली तो सॅन होझे शहरात गेला. तेथे मेक्सिकन मजुरांची एक वस्ती होती, तिला लोकच ‘साल सी पुएदेस’ म्हणत. ह्याचा अर्थ, ‘जमले तर नीघ येथून’. पावसाळ्यात चिखलात गाड्या रुतत, त्यावरून नाव पडले म्हणतात. पण नावात रस्त्याच्या चिखलापेक्षा अधिक काही आहे हे उघड दिसते.

रॉसने तेथे जाऊन चौकात भाषण दिले नाही. (हे वाचताना आमची गेटसभा आम्हांला आठवली.) त्याने आधी वस्तीतल्या धर्मगुरूला गाठले, मग आरोग्यकेंद्राच्या परिचारिकेला. ‘येथे कोणाचा शब्द चालतो?’ हा त्याचा प्रश्न. दोघांकडून एक नाव निघाले : सेझार चावेझ, वय पंचवीस, आठवीनंतर शाळा सुटलेला, शेतमजुरी करीत वाढलेला आणि त्यावेळी लाकडाच्या वखारीत कामाला असलेला.

रॉस त्याच्या घरी गेला. चावेझ समोर राहणाऱ्या भावाच्या घरात जाऊन बसला आणि बायकोने दारातून सांगितले, घरी नाहीत. रॉस पुन्हा आला, पुन्हा तेच. चावेझला वाटले, हा विद्यापीठातला कोणी असणार. असे गोरे लोक त्या वस्तीत नेहमी येत आणि डाळभातावर, म्हणजे त्यांच्या भात-घेवड्यावर, तुमचे कुटुंब कसे जगते असे प्रश्न विचारून वहीत लिहून नेत. वही जाई, वस्ती तेथेच राही. शेवटी बायकोनेच, हेलनने, आता खोटे बोलणार नाही असे ठरविले असावे, भेट ठरली. चावेझने वस्तीतले काही आडदांड मित्र जमविले. आपण सिगारेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली की त्या गोऱ्याला घालूनपाडून बोलावयाचे आणि हाकलावयाचे, असा संकेत ठरला.

रॉस आला, बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. वस्तीचे प्रश्न त्याला वस्तीतल्यांइतकेच माहीत होते. मग त्याने लॉस एंजेलिसची एक हकीकत सांगितली. १९५१ च्या नाताळात तेथील पोलिसांनी सात तरुणांना, त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे, कोठडीत अमानुष मारले होते. रॉसच्या संघटनेने ते प्रकरण सोडले नाही. शेवटी पोलिसांवरच खटले झाले आणि काहींना शिक्षा झाली. पोलिसाला शिक्षा होते, हे त्या खोलीत बसलेल्यांनी जन्मात ऐकले नव्हते. सिगारेट ज्या हातात होती त्याच हातात राहिली. मित्रांपैकी एकाने आधीच ठरल्याप्रमाणे गडबड आरंभली तेव्हा चावेझनेच त्याला गप्प केले. त्या रात्री रॉसने आपल्या रोजनिशीत लिहिले की हवा तो माणूस सापडला.

त्या खोलीत रॉसने काय दिले आणि काय मागितले, हे आम्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. आश्वासन कसलेच दिले नाही. घडलेली एक गोष्ट सांगितली. आणि मागितले ते फार : मतदार-नोंदणीचे काम, रोज संध्याकाळी, दिवसभर राबून आल्यावर. त्याच्या पद्धतीत सभा अशाच घरात होत. आठ-दहा माणसे, यजमानाची कॉफी. सभा संपताना प्रत्येकाला एकच विचारावयाचे, ‘पुढची सभा तुमच्या घरी घ्याल का?’ परक्याला आपल्या घरात येऊ देणे सोपे आहे. परक्यासाठी शेजाऱ्यांना बोलावणे म्हणजे आपली पत गहाण टाकणे. ती एकदा टाकली की माणूस मागे फिरत नाही.

हल्ली अमेरिकेत मोठमोठ्या पेढ्या आपल्या नोकरांना शिकवितात म्हणे, की हिस्पॅनिक गिऱ्हाइकाशी कसे बोलावे. आधी घरच्यांची चौकशी करावी, घाई करू नये, पाहुणचार नाकारू नये. ह्यांतले एकही खोटे नाही. पण गिऱ्हाईक घराबाहेर पडले की ती चौकशी संपते, आणि ज्याने सरहद्दीवर डीडीटी अंगावर घेतला आहे त्याला हे कळत नाही असे समजण्याचे कारण नाही. रॉसही घरच्यांची चौकशी करीत असेल. फरक एवढाच की पोलीस दाराशी आले असते तर तो त्या दारात उभा राहिला असता, आणि तो असा उभा राहिलेला आहे हे लोकांनी ऐकले होते.

येथे आपल्या वर्ध्याच्या एका माणसाची आठवण करणे भाग आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर पक्षाचे क्रांतिकारक म्हणून आपणांस ठाऊक असतात. पण तेच खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी विनामूल्य शेतीशाळा काढल्या, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. प्रख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा ह्याने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांना रंगविले. मका हे त्या लोकांचे नुसते धान्य नाही. आपल्या देशस्थावरच्या ज्वारीसारखे ते त्यांचे सर्वस्व आहे. परका माणूस येतो आणि तुमच्या भाकरीचे धान्य सुधारण्यात आयुष्याची वर्षे घालवितो, त्याला ओळखपत्र कोण विचारणार? १९६७ साली ते नागपुरास वारले.

पुन्हा कॅलिफोर्नियाकडे. चावेझने १९६२ साली रॉसची संघटना सोडली, कारण तिला शेतमजुरांची युनियन काढावयाची नव्हती. डेलानो नावाच्या लहान गावात तो बायको आणि आठ मुलांसह राहावयास गेला. डोलोरेस हुएर्ता ही बाई त्याच्याबरोबर होती; करार करण्याच्या कामात पुढे तिने भल्याभल्या मळेवाल्यांस घाम फोडला. गावोगाव हिंडून त्यांनी मजुरांना छापील कार्डे वाटली. त्यांवर नाव, पत्ता आणि एक प्रश्न : तासाला किती मजुरी न्याय्य वाटते? ‘आम्ही तुम्हांला इतके मिळवून देऊ’ असे सांगण्याआधी त्यांनी विचारले. वर्गणी होती महिना साडेतीन डॉलर, म्हणजे त्या काळी तीन-चार तासांची मजुरी. त्या बदल्यात मयताचा विमा, पतपेढी आणि कागदपत्रांची मदत. मेक्सिकन लोकांत परस्पर-साहाय्याची मंडळे पूर्वीपासून होती. मेलेल्याचे नीट व्हावे म्हणून ती निघाली होती. नव्या संघटनेने ह्या जुन्या मुळावर कलम केले.

चावेझने स्वतःच सांगितलेली एक हकीकत आहे. तो वर्गणी मागावयास एका मजुराच्या दारात गेला. मजूर किराणा आणावयास निघाला होता; जवळ पाच डॉलर, तेवढेच. त्याने त्यांतून साडेतीन दिले. चावेझला शरम वाटली, परंतु पैसे त्याने घेतले. तो मजूर पुढे संघटनेचा खंदा सभासद राहिला. ह्यावर आमच्या कचेरीत दोन रात्री वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे, हे निर्दयपणाचे आहे. आमचे मत वेगळे आहे. गरिबाकडून काहीच न घेणारा त्याला भिकारी ठरवितो. फाउंड्रीतल्या त्या ओडिया मजुरांना आम्ही ‘वर्गणी नंतर द्या, सवडीने’ असे म्हणालो होतो. आमच्या दृष्टीने ते औदार्य होते. त्यांच्या दृष्टीने, आम्ही त्यांना धरलेच नव्हते.

आता संप. तो मेक्सिकनांनी सुरू केला नाही, ही गोष्ट नेहमी विसरली जाते. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानोच्या मळ्यांत काम बंद केले ते फिलिपिनो मजुरांनी. त्यांचा पुढारी लॅरी इटलिआँग. ह्याच्या एका हाताची तीन बोटे अपघातात गेली होती, म्हणून ‘सात-बोट्या’ हे त्याचे टोपणनाव. हे फिलिपिनो बहुतेक साठीला आलेले आणि पुष्कळसे अविवाहित. गोऱ्या स्त्रीशी लग्न करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याची बंदी होती. ती १९४८ साली न्यायालयाने उठविली तोवर ह्यांचे तारुण्य सरले होते. मागणी होती तासाला एक डॉलर चाळीस सेंट आणि पेटीमागे पंचवीस सेंट. मालकांनी मजूरतळांवरचे दिवे, पाणी आणि गॅस तोडला. आणि नेहमीचा डाव टाकला : फिलिपिनो संपावर गेले तर मेक्सिकन भरावे, मेक्सिकन गेले तर फिलिपिनो. कैक वर्षे हे चालत आले होते. प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याविषयी ‘संपफोडे’ ही एकच आठवण.

इटलिआँग चावेझकडे गेला. हे जाणे सोपे नव्हते. चावेझची तयारी नव्हती, तिजोरी जवळजवळ रिकामी होती; अजून दोन-तीन वर्षे हवीत असा त्याचा हिशेब होता. पण नाही म्हणावे तर त्याचीच माणसे उद्या फिलिपिनोंच्या जागी कामाला उभी राहणार. १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी डेलानोच्या ग्वादालुपे मातेच्या चर्चमध्ये सभा झाली, ‘वेल्गा, वेल्गा’, म्हणजे संप, अशा आरोळ्या उठल्या आणि मेक्सिकन संघटना फिलिपिनोंच्या पाठीशी उभी राहिली.

त्यापुढे जे घडले ते आम्हांला ठरावापेक्षा मोठे वाटते. फिलिपिनोंच्या सभागृहात संपकऱ्यांचे स्वयंपाकघर चालू झाले. एका रांगेत दोघे जेवू लागले. एका पातेल्यात भात-मासळी, दुसऱ्यात घेवडा आणि मक्याच्या तॉर्तिया. एकमेकांची भाषा येत नव्हती; मोडक्या इंग्रजीत काम भागे. आपल्याकडे सहभोजनासाठी केवढी भांडणे झाली, हे ह्या सभेतल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. लुईस वाल्देस नावाच्या तरुणाने मजुरांचीच नाटकमंडळी काढली. मालमोटारीच्या उघड्या पाठीवर उभे राहून मुकादम, मालक, संपफोड्या अशा पाट्या गळ्यात अडकवून ते नकला करीत. आमच्या पिढीने अण्णाभाऊ साठे आणि अमर शेखांचे नुसते नाव ऐकले, पण ज्यांनी त्यांचे कलापथक पाहिले असेल त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे उभे करता येईल.

मार्च १९६६ मध्ये डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत ते पायी निघाले. पंचवीस दिवस, सुमारे तीनशे मैल. ईस्टरच्या रविवारी पोचले. मोर्चा म्हणण्याऐवजी त्यांनी तिला यात्रा म्हटले. अग्रभागी ग्वादालुपे मातेची पताका. पायांना फोड, मुक्कामाच्या गावी लोक भाकरी घेऊन उभे. वारी पाहिलेल्या मराठी माणसाला ह्याहून अधिक वर्णन नको. वाटेतच एका मोठ्या मद्य-कंपनीने युनियनला मान्यता दिल्याची बातमी आली. परंतु त्या पताकेवरून आतल्या आत कुरबूरही होती. युनियनमधल्या प्रॉटेस्टंटांना ती माता आपली वाटेना. काही डाव्या तरुणांना धर्माचे चिन्हच नको होते. एकाला जे घरचे वाटते, ते दुसऱ्याला दाराची कडी लावल्यासारखे वाटते. ऑगस्ट १९६६ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या : चावेझ संचालक, इटलिआँग सहायक. मग द्राक्षांवरचा बहिष्कार देशभर आणि देशाबाहेर गेला आणि जुलै १९७० मध्ये डेलानोचे मळेवाले करारावर सह्या करावयास आले.

येथपर्यंतची कथा सगळे सांगतात. आम्हांला पुढची अधिक महत्त्वाची वाटते.

करार झाल्यावर मजूर-भरती युनियनच्या हाती आली. मुकादमाची मनमानी संपावी, म्हणून युनियनच्या कचेरीतून क्रमाने कामावर पाठवावयाचे ठरले. हेतू चांगलाच. पण फिलिपिनो म्हातारे तीस-तीस वर्षे एका टोळीत, एका तळावर, एका मुकादमाच्या हाताखाली राबले होते. ती टोळी म्हणजेच त्यांचे कुटुंब, कारण दुसरे कुटुंब कायद्याने होऊ दिले नव्हते. क्रमवारीने टोळ्या फुटल्या. एक येथे, एक तेथे. सभासद बहुसंख्य मेक्सिकन, म्हणून सभा स्पॅनिशमध्ये चालू लागल्या. ज्यांनी संप सुरू केला ते सभेत मुके झाले. कोणी त्यांचा अपमान करावयाचा म्हणून केला नाही. बहुसंख्यांना ते दिसलेच नाही, एवढेच. इटलिआँगने १९७१ साली युनियन सोडली.

१९७४ साली युनियनने वृद्ध फिलिपिनोंसाठी आग्बायानी नावाची वसाहत बांधली, ही गोष्टही तितकीच खरी. संपाच्या काळात पहाऱ्यावर असताना मेलेल्या एका फिलिपिनो मजुराचे नाव तिला दिले. पण १९७७ साली चावेझ फिलिपिन्सला गेला, हुकूमशहा मार्कोसचा पाहुणा झाला आणि परत येऊन त्याने त्या राजवटीविषयी बरे उद्गार काढले. फिलिपिनो सभासदांना ह्यामुळे आपले मन जिंकले जाईल असे त्याला वाटले होते! युनियनच्या अधिवेशनात मार्कोस-सरकारच्या मजूरमंत्र्याला व्यासपीठ मिळाले. फिलिप व्हेरा क्रूझ हा युनियनचा फिलिपिनो उपाध्यक्ष, पहिल्या दिवसापासूनचा संपकरी, वय सत्तरीच्या पुढे. तो त्यानंतर युनियनमधून बाहेर पडला. बारा वर्षांपूर्वी एका पातेल्यातून जेवलेल्यांना शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला एकदा विचारावयाचे सुचले नाही, की तुमच्या देशाविषयी तुमचे काय म्हणणे. त्या सुमारास युनियनमध्ये इतरही अनेक जुन्या कार्यकर्त्यांची हकालपट्टी झाली, संशय वाढला. पण तो निराळा विषय आहे आणि फार कडू आहे.

रॉसने घरोघर बसून जे शिकविले ते ज्यांनी शिकून घेतले, त्यांच्याच हातून हे झाले. म्हणून ते आम्हांला झोंबते. परका असताना माणूस दाराशी चपला काढतो, हळू बोलतो, दिले ते खातो. घर आपले झाले की आवाज चढतो.

आमच्या फाउंड्रीचे काय झाले, असे कोणी विचारील. तर आम्ही गेटसभा बंद केल्या. दोन रविवार त्या लोकांच्या खोल्यांवर जाऊन बसलो. पहिल्या रविवारी चहाही मिळाला नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी पखाळ वाढला. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात, त्यात मीठ, कांदा, मिरची. आपल्या शिळ्या ताकभाताचा भाऊ. आम्ही दोनदा मागून घेतला, आणि वर्गणीही मागितली. मयत-निधी काढला तो त्यांच्याच सांगण्यावरून, आणि त्याची वही त्यांच्यातल्या एकाकडे दिली. तेव्हापासून आजवर तीन जणांना गावी पोचविले आहे.

पण आमच्या कार्यकारिणीत आज अकरा जण आहेत, त्यांत ओडिया एकच. इतिवृत्त मराठीत लिहिले जाते. गेल्या महिन्यात त्याने सभेत विचारले, सह्या मागता तेव्हा वर काय लिहिले आहे ते कोणी वाचून का दाखवीत नाही? आमच्यापाशी उत्तर नव्हते. वेळ झाला म्हणून सभा उठली. पुढची सभा येत्या रविवारी आहे.